माया संपली

दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या पोस्टमनच्या कानांवर मागच्या बाकावरचं बोलणं पडलं.

“वहिनी, माया संपली! अगदी सगळी!”

नणंद-भावजयीचं फिसकटलं वाटतं, म्हणून त्यानं मान खाली घातली.

“खरंच, वन्सं?”

“तर काय! तीन वर्षं भाचीच्या प्रत्येक फ्रॉकच्या शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवलं, पोर वाढेल म्हणून. एकदाही उसवावं लागलं नाही.”

“खाल्लेलं अंगी लागेल तर ना! तिच्या आतड्याला गहूच सोसत नाही, हे कुणाला ठाऊक?”

“गहू बंद करून सहा महिने नाही झाले, तोवर दोन्हीकडची माया उसवून झाली. काल माझ्याकडे घालून बघितला, तरी बटण लागेना!”

“अगंबाई! मग नव्या फ्रॉकला किती ठेवाल?”

“माया? आता हात आखडता घेणार नाही. चांगली चार बोटं!”