बोटांवरचा संशय

"हॅलो?… हो दादा, बोल… थांब, बाहेर येते. इथे सगळ्यांची टायपिंगची टकटक चाललीय…"

वकिलांच्या कचेरीतली ती टायपिस्ट खुर्ची मागे सारून जिन्यात आली. कालच तिला ऑनलाइन मोटार-शर्यतीतून काढून टाकलं होतं. अगदी खऱ्यासारखा खेळ तो. ब्रेक जरा जास्त लागला की गाडी गरकन फिरायची. बाकीचे सगळे स्टिअरिंग आणि पेडल लावून बसायचे, ही एकटीच कीबोर्डवर. गाडी ही स्वतः चालवतच नाही, एखादा प्रोग्राम चालवतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती. दादाचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. खेळ त्यानेच शिकवलेला. आणि मागच्या शर्यतीत तिने पहिल्यांदाच त्याला मागे टाकलं होतं.

"झोप कुठली… हो, जेवले… अरे जेवले म्हटलं ना… नाही, आईला नाही सांगितलं. काय सांगू, खेळातून हाकललं म्हणून?… हं… पंचांनी एवढंच कळवलं, चालवणं संशयास्पद. पुढे एक अक्षर नाही…"

दादा समजूत घालत होता. माझं जुनं स्टिअरिंग घेऊन जा, म्हणाला.

"नको रे, मला नाही जमत ते… ऐक ना. बटण दाबलं की चाक पूर्णच वळतं, अर्धंमुर्धं नाही, मान्य. म्हणून तर मी टिचक्या मारते. टक, टक, टक… वळण संपेस्तोवर. दिवसभर दुसरं काय करते मी?… काय?… हो, पुलाखालच्या वळणावर जास्तच माराव्या लागतात… तक्रार त्याच वळणाची आहे?"

ती कठड्याला टेकली.

"दादा… तुला कसं माहीत?… नाही, मला पंचांनी वळण सांगितलंच नाही… मित्राने? कुठल्या मित्राने?… नाव सांग ना… हॅलो?… आहेस का?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुलूप लावलं, किल्ली काढली, निघून गेलं. मग दादा बोलू लागला.

"हं… ऐकतेय… हं…"

त्याने त्या शर्यतीचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. कीबोर्डवर इतकं सफाईदार वळण कुणाला घेता येईल, हे त्याला काही केल्या पटेना. म्हणून त्याने कळवलं. पंच फक्त चौकशी करतील असं वाटलं होतं, तडकाफडकी काढतील असं नव्हतं वाटलं.

"मग मला का नाही विचारलंस?… नाही, थांब. आता मी बोलते. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. तू शेजारी बसून शिकवलंस रे मला. गाडी भिंतीला घासली की पोट धरून हसायचास, मला त्याचंही कधी वाईट वाटलं नाही… मी जिंकले हे पटेना, पण मी लबाड आहे हे लगेच पटलं?"

तो तक्रार मागे घेतो म्हणाला. आत्ताच्या आत्ता घेतो म्हणाला.

"नको. मागे घेऊ नकोस. भावाने पाठीशी घातलं म्हणतील… त्यापेक्षा त्यांना लिही, कॅमेरा माझ्या बोटांवर लावा. चालवून दाखवते. सगळ्यांसमोर… हो, तूही बघ. पंचांच्या बाजूला बसून बघ, माझ्या बाजूला नको… रडत नाहीये… नाही म्हटलं ना."

आतून तिला कुणीतरी हाक मारली. वकीलसाहेबांना मसुदा हवा होता. दादा मात्र विचारत होता, रागावलीस का, एवढं तरी सांग.

"राग असता तर उतरला असता रे… मला आता तुझ्याशी बोलताना प्रत्येक शब्द तपासून घ्यावासा वाटतोय… नाही, काही बोलू नकोस. ठेवते."