चांद्याची पोळी

(अकोल्याजवळचं गाव; रेल्वे अजून भुसावळपर्यंतच आली होती, तो काळ. पोळ्याचा दिवस, उन्हं कलती. चुलीपाशी पार्वताबाई आणि सून दुर्गा; मुलगा सूर्यभान बैलजोडी घेऊन पोळ्यात गेलेला.)

पार्वताबाई : पुरन हाय का सरकीचा लगदा? रंगच नाई मेला!

दुर्गा : साखरेचं हाय ते, आत्याबाई. यायनं अकोल्याहून आनली, हौसेनं.

पार्वताबाई : घरात कापसाचा पैसा आला, म्हनून पुरनालेही कापसाचा रंग! पोळ्याचं पुरन गुळाचंच असते.

दुर्गा : कोनं सांगतलं?

पार्वताबाई : माह्या सासूनं. तिच्या वक्ताले घरात गहू मूठभर. वर्साची एकच पोळी व्हायची. अर्धी या बैलाले, अर्धी त्या. मानसं भाकर खायची आन् पुरनाचं भांडं चाटायची. मंग दोन झाल्या. मंग लेकरायले भेटू लागली. बाईच्या पानात पोळी आली ते माह्या लग्नाच्या साली. बैलाचं गोड हाय हे पोरी, आपुन त्याचं उष्टं खातो.

दुर्गा : खरं हाय. पन चारदा वाटलं तुमी ते. आता पाटा झिजन.

सूर्यभान : माय, तोरन तुटलं, पोळा फुटला! जोडी दारात उभी हाय. चाल ओवाळाले.

पार्वताबाई : विलायची राहिली, सूर्यभान.

सूर्यभान : मघा जायफळ राहिलं होतं.

दुर्गा : त्याच्या आधी तूप.

सूर्यभान : काल खांदे मळाले लोनी-हळद घेऊन उभा राहिलो, तवाही गोठ्यात आली नाईस. बाशिंग्या वाट पाहून राहिला. नवा तर दावं तोडते का काय!

पार्वताबाई : नव्याले काय घाई? त्याले अजून नाव नाई.

दुर्गा : आत्याबाई, फडक्याखाली एक पोळी झाकली हाय. गुळाची. सकाळीच पाहिली मी.

सूर्यभान : कोनासाठी?

पार्वताबाई : चांद्या साखरेले तोंड लावत नाई.

सूर्यभान : माय... चांद्याले जाऊन चार महिने झाले.

पार्वताबाई : मले ठाऊक हाय. हाताले ठाऊक नाई.

सूर्यभान : भुसावळच्या वाटेवर ऊन लागलं त्याले. मी काय करू?

पार्वताबाई : ऊन बाशिंग्यालेही होतं. जू तर एकच.

दुर्गा : जाऊ द्या न आता. सनाच्या दिवशी...

सूर्यभान : नाई, ऐकू दे तिले! दीड गाडीचा माल एका गाडीत भरला, बस? रेलवर पोचाची घाई. तीनदा बसला तो रस्त्यात. तिसऱ्यांदा शेपूट पिळून उठवला म्या. भाव पडून राहिले, म्हने सारे.

पार्वताबाई : सारे कोन?

सूर्यभान : सारेच.

पार्वताबाई : साऱ्यायच्या पदराआड मले नको लपवू. दुर्गे, ते गुळाची पोळी आन. नव्याले मी चारीन.

दुर्गा : आन् तवा तुमी काय बोलल्या होत्या, आत्याबाई?

पार्वताबाई : यानं सांगतलं होतं, चांद्याचा खांदा सुजला हाय, आठ रोज बसू दे. मी म्हनलं, खांदा भरून येईन रे, भाव नाई येनार.