गावदेवीमागची जागा

पूर्वी वाशीच्या बसथांब्यावर रांगेतली निम्मी माणसं माझ्या ओळखीची असायची. परवा पुढे दोघी अनोळखी होत्या. एक ऑफिसवाली, दुसरी लुगडं नेसलेली म्हातारी.

“कुठं निगालीस गो बाय?”

“तळवलीला, मावशी. जागा बघायला. उद्या व्यवहार आहे.”

“माजाच गाव! कोन देतंय जागा?”

“विपुलशेठ एजंट. म्हणाले, गावात कुणाशी बोलू नका, भाव चढतो.”

“मना बी तोच बोल्ला, भाडेकरूशी बोलू नको, डोक्यावर बसंल.”

“तुमचीही जागा आहे?”

“हाय ना, गावदेवीमागं, विहिरीला लागून. भाड्यानं द्याची हाय. त्याच्या कागदावर अंगठा दिलाय.”

“गावदेवीमागे? विहिरीजवळ?”

“तिथं एकच जागा हाय, बाय.”

“अहो, पण तीच तर मी घेतेय! विकत!”

“विकत? कोनाकडून?”

“एजंटकडूनच. मालकिणीने मरण्याआधी त्याच्या नावे करून दिली म्हणे. चांगुणाबाईंनी. महिना झाला त्यांना जाऊन.”

बस आली. रांग आम्हां तिघींना वळसा घालून चढली.

म्हातारीने अंगठा पुढे केला. “मीच चांगुना. बघ, शाई बी गेली नाय अजून.”