एडक्याची टक्कर

माळढोक एवढा थोरला पक्षी, पण मोरगावात मास्तरकी केली तेवढ्या वर्षांत मला त्याची पाठच दिसली, तीही उडताना. छत्तीस-सदतीस सालचा चैत्र असेल. दुसऱ्या दिवशी बदलीवर इंदापूरला निघायचं होतं. माळावर मेंढरं चारणाऱ्या सोपानआबांपाशी मी हळहळलो.

ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पांढऱ्या धोतराला बुजतोय त्यो. मेंढरांना न्हाय बुजत. ही माझी घोंगडी घ्या, अन् चला मेंढरांतनं."

घोंगडी पांघरून मी कळपातनं रांगत निघालो. माळढोकापासून वीस पावलांवर पोचलो, तोच मागून एडक्यानं अशी टक्कर दिली की मी तोंडावर, घोंगडी बाजूला आणि पांढरं धोतर उघड्यावर. संपलं सगळं, म्हणून डोळे मिटून पडलो.

"गुरुजी, बघा की! हितंच हाय त्यो."

खरंच, मान उंच करून तो माझ्याकडेच बघत होता. मी त्याला डोळे भरून पाहिलं.

"आबा, उडाला कसा नाही?"

"कशापायी उडंल? माझा एडका माणसाला टक्कर देत न्हाय. कळपातल्यालाच देतो."

निरोपाचे हार पुढं पुष्कळ गळ्यात पडले. पण आपलं मानून दिलेली ती टक्कर अजून कंबरेत आहे, आणि ती बरी होऊ नये असंच वाटतं.