यंदा शार्क नाही

ताई: ते जाऊ दे. मला एवढंच सांग, तू सुचवलेल्या तिन्ही गोष्टींत माणसं घर का सोडून जातायत?

भाऊ: योगायोग.

ताई: पहिल्या पुस्तकात ती निवृत्त शिक्षिका शेजारणीकडे किल्ली देऊन निघते. दुसऱ्यात तो घड्याळजी दुकानाचं शटर ओढतो आणि मागे वळून बघत नाही. आणि त्या माहितीपटात बेटावरच्या म्हाताऱ्या बोचकी बांधून बोटीची वाट बघत बसल्यात. आजवर दर हिवाळ्यात तू मला काय सुचवलंस, आठवतंय? शार्क. एका वर्षी शार्क, पुढच्या वर्षी त्याहून मोठे शार्क.

भाऊ: माणसाची आवड बदलते.

ताई: तुझी? दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करून तू घरी येतोस आणि टीव्हीसमोर घोरतोस. माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात चाललाय, बरं का. तीच चूक परत परत दिसली की मी समजते, ही कुणीतरी मुद्दाम ठेवलीय.

भाऊ: बाबांचा नियम विसरलीस. थंडीत एकमेकांना तीन गोष्टी सुचवायच्या, समोरच्यानं शेवटपर्यंत जायचं आणि तोवर 'हेच का' असं विचारायचं नाही. बेटाचा माहितीपट पूर्ण बघितलास?

ताई: अर्धा. पुढचं आलं लक्षात.

भाऊ: मग विचारायचं नाही.

ताई: नियम मला नको शिकवूस. तुझी मुलं ताडमाड झाली. तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. आई इथे एकटी तीन खोल्यांत. आणि तू हिवाळाभर मला गोड गोड पुस्तकं पाठवतोयस, म्हणजे एक दिवस तू म्हणशील, ताई, आईला कुठेतरी ठेवू या, आणि मी मान डोलवावी.

भाऊ: हळू बोल. खालच्या काकूंकडे गेलीय ती, येईल एवढ्यात.

ताई: म्हणजे तिला यातलं काही माहीत नाही.

भाऊ: असं मी म्हटलं नाही.

ताई: मग काय म्हटलंस? सरळ बोल ना. हे पुस्तक बघ, तूच पाठवलेलं. तू हात लावलेल्या प्रत्येक पुस्तकावर काळा अंगठा असतो, ग्रीसचा. हे कसं धुतल्यासारखं स्वच्छ? आणि खुणेला हा लोकरीचा धागा. विणकाम कधीपासून सुरू केलंस?

भाऊ: थांब जरा. ऐक.

ताई: काय ऐकू?

भाऊ: जिन्यात. आई आली. पहिल्या मजल्यावर थांबलीय बघ, कठड्याला टेकून.

ताई: भेटलं असेल कुणीतरी.

भाऊ: कुणी नाही भेटलेलं. आता चालली. आता दुसऱ्यावर थांबेल, जास्त वेळ.

ताई: हे कधीपासून?

भाऊ: थंडी पडल्यापासून. तू फोन करतेस तेव्हा ती बसलेली असते. धाप तुला कशी ऐकू येणार?

ताई: आणि हे मला तू आज सांगतोयस.

भाऊ: तिनं बजावलं होतं मला. बरंच काही बजावलं होतं.

(दार लोटून आई आत येते. हातात लोकरीची पिशवी.)

आई: दोघंही गप्प. म्हणजे माझ्याचबद्दल चाललं होतं.

ताई: बस आधी. पाणी देते. आई, हा धागा कुणाचा?

आई: माझाच. ह्याच्या मोज्यांतला उरलेला. पान हरवू नये म्हणून घालते.

ताई: म्हणजे ही पुस्तकं...

आई: मी वाचली. सुचवलीही मीच, नाव तेवढं त्याचं सांगितलं.

भाऊ: तरी मी म्हटलं होतं हिला संशय येईल. निदान एक शार्क घाल म्हटलं.

ताई: आई, हे नाटक कशासाठी?

आई: मी काही म्हटलं की तू आधी त्यामागचं कारण शोधतेस. गोळी बदलली तरी डॉक्टरला फोन करतेस. म्हटलं, भावाचं म्हणून वाचेल. त्या शिक्षिकेची, त्या घड्याळजीची ओळख होईल, मग माझं सांगेन.

ताई: काय सांगणार होतीस?

आई: थंडी सरली की मी बागेजवळच्या वृद्धाश्रमात राहायला जातेय. तळमजल्यावरची खोली सांगून ठेवलीय.

ताई: हे ह्यानंच भरवलं तुझ्या डोक्यात.

आई: त्यानं? कितीतरी दिवस तो माझ्याशी धड बोलत नव्हता.

भाऊ: अजूनही मला ते पटलेलं नाही. माझ्याकडे चल म्हटलं. मुलांना बाहेरच्या खोलीत झोपवतो म्हटलं.

आई: आणि मी दिवसभर त्यांच्या पायांत. नको रे बाबा.

ताई: मग या घराचं काय?

आई: घर कुठे पळून जातंय? कुलूप लावीन. एक किल्ली तुझ्याकडे, एक त्याच्याकडे. तू संशय घेशील म्हणून आधीच करून आणल्यात.

ताई: मी काही संशयी नाही.

भाऊ: ताई.

ताई: बरं, आहे. पण मला भीती वाटते, आई. तू इथे नसलीस तर सुट्टीत मी कुठे यायचं?

आई: तिथे ये. पाहुण्यांना खुर्ची देतात. हे बघ, जिना नको म्हणून मी फारशी खाली जात नाही, आणि मी जात नाही म्हणून कुणी वर येत नाही. हिवाळाभर त्या पुस्तकातल्या बाईशी बोलत बसले मी, मोठ्यानं. तू तो माहितीपट पुरता बघायला हवा होतास. पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याच संध्याकाळी त्या म्हाताऱ्या अंगणात खुर्च्या मांडून पत्ते खेळतात. एक जण लबाडी करते, मग जोरदार भांडतात. मला इथे भांडायलासुद्धा कुणी नाही गं.

ताई: ती जागा मी आधी बघणार. त्यांना न कळवता जाणार.

आई: जा की. मीही न कळवताच गेले होते, दोनदा.

ताई: नळ सोडून बघितलास?

आई: बघितला. गरम पाणी येतं. खिडकीची कडी लागते. शेजारची बाई घोरते का, तेही विचारलं.

भाऊ: ताईचा स्वभाव कुणावर गेलाय, ते आज कळलं.

आई: एक मात्र मनाला लागलं. यंदा तू ह्याला तीन पुस्तकं सुचवलीस. मला एकही नाही.

ताई: मला वाटलं, तुझे डोळे आता...

आई: विचारायचं होतंस.

ताई: हो. विचारायला हवं होतं.

आई: त्या खोलीत पलंगाच्या उशाशी पुस्तकांची फळी आहे. रिकामी.

ताई: केवढी आहे फळी?