दाराजवळचं टेबल

शरयू : गाडी वळवा.

विवेक : अगं, आलोच की आपण. ते काय, डावीकडचं तिसरं घर.

शरयू : म्हणूनच म्हणतेय, वळवा. चर्चमधून निघताना काय म्हणालात? आपल्याकडचाच एक माणूस आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, घरी एकटाच असतो, तू नर्स आहेस, जरा बघ. आणि आता घराच्या तोंडाशी आल्यावर सांगताय, पुरुषोत्तम बर्वे म्हणून!

विवेक : आधी सांगितलं असतं तर आली असतीस?

शरयू : मुळीच नाही.

विवेक : म्हणून नाही सांगितलं.

शरयू : इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीची सेवा करायला मंडळात बायका नाहीत का?

विवेक : आता सेक्रेटरी नाहीत ते. मंडळानं काढलं. म्हणजे तोंडावर कोणी बोललं नाही, पण फोन यायचे बंद झाले. शरयू, ते बाप्तिस्मा घेतायत. पुढच्या रविवारी, आपल्या चर्चमध्ये.

शरयू : कोण?

विवेक : बर्वे.

शरयू : थट्टा नकोय मला.

विवेक : शपथ. गुरुवारी पास्टरचा फोन आला. म्हणाले, तुमच्या भाषेचे एक गृहस्थ आहेत, त्यांना दोन साक्षीदार हवेत, तुम्ही दोघं उभे राहाल का? मी म्हटलं, हो, आनंदानं. मग नाव विचारलं.

शरयू : आधी हो आणि मग नाव! लग्न ठरवताना तरी विचारलं होतंत का माझं?

विवेक : तुझ्या वडिलांनी पत्रातच कळवलं होतं.

शरयू : हसवू नका मला. मी हसणार नाहीये.

विवेक : आठ वर्षं झाली त्याला.

शरयू : झाली असतील. अठ्ठ्याहत्तरचा गणपती, शाळेचं कॅफेटेरिया. पूजेला नको, पण जेवायला जाऊ, पोरीच्या कानावर चार मराठी शब्द पडतील, असं कोण म्हणालं होतं?

विवेक : मी.

शरयू : आणि सुट्टी काढून साठ पुरणपोळ्या कोणी लाटल्या? तिथे एका बाईंनी विचारलं, साळवे म्हणजे नगरचे का, नगरात कुठे? मी सरळ सांगितलं, मिशन कंपाउंडमध्ये. त्यात काय लपवायचं? पाच मिनिटांत तुमच्या या बर्व्यांनी माझा डबा उचलला आणि दाराजवळ, जिथे सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, तिथल्या टेबलावर नेऊन ठेवला. वर कागद चिकटवला, 'साळवे यांच्याकडून'. म्हणजे चुकून कोणी खायला नको.

विवेक : मला माहीत आहे गं. मी तिथेच होतो.

शरयू : होतात, आणि गप्प होतात. साठच्या साठ परत आणल्या आपण. सुनेत्रा सहा वर्षांची. गाडीत मागे बसून विचारते, आई, आपल्या पोळ्या खराब होत्या का? त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोललेली नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

विवेक : इथल्या सगळ्याच पोरांचं तसं होतं.

शरयू : सगळ्यांचं हळूहळू होतं. माझ्या पोरीचं त्या दिवशी झालं.

विवेक : पास्टरचा फोन ठेवला ना, तेव्हा मला बायबलातला तो दिमिष्कातला हनन्या आठवला. शौल आपल्या लोकांना बेड्या घालायला निघाला होता, वाटेत त्याचे डोळे गेले, आणि प्रभूनं त्या हनन्यालाच सांगितलं की जा, त्याच्यावर हात ठेव. त्या शौलाचाच पुढे पौल झाला. संडे स्कूलमध्ये मला वाटायचं, जायला काय जातंय हनन्याचं? आता कळतंय.

शरयू : हनन्यानंसुद्धा आधी कुरकुर केली होती. थेट प्रभूपाशी.

विवेक : पण गेला. आणि 'शौल भाऊ' म्हणूनच हात ठेवला.

शरयू : त्याच्याबरोबर बायको नव्हती.

विवेक : बरं बाई. वळवतो गाडी. फोन करून सांगतो, जमत नाही म्हणून.

शरयू : थांबा. दार कोण उघडतंय? तेच ना? एका डोळ्यावर पट्टी आहे... भिंत चाचपतायत हो. पायरीवर बर्फ आहे, दिसत नाहीये त्यांना! अहो, बघताय काय? उतरा, धरा त्यांना! मिस्टर बर्वे, हलू नका, आहात तिथेच उभे राहा!

(बर्व्यांच्या स्वयंपाकघरात. तिघे टेबलाशी.)

बर्वे : बसलात का दोघं? मला सगळं धुक्यातून दिसतं. चहा विचारायला हवा, पण शेगडीपाशी जायला मनाई आहे.

विवेक : चहाचं राहू द्या हो.

बर्वे : मिसेस साळवे, एक स्पष्ट करतो. तुमचं नाव मी सुचवलेलं नाही. पास्टरनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दुसरं कोणीतरी पाहा.

शरयू : का? इथेही आम्ही चालत नाही?

बर्वे : कोणत्या तोंडानं तुम्हाला बोलावणार होतो मी?

शरयू : सुमेधावहिनी कुठे आहेत?

बर्वे : जर्सी सिटीला, बहिणीकडे. दोन महिने झाले. ती म्हणते, भुलीच्या औषधानं माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. तिला दोष देत नाही मी.

शरयू : झालाय का परिणाम?

बर्वे : ती शक्यता मीच सगळ्यात आधी तपासली. तीस वर्षं इंजिनिअरिंग केलंय. डॉक्टरांना लेखी विचारलं, औषधांची नावं काढून लायब्ररीतून पुस्तकं आणवली, वाचून घेतली. पण त्यानं उत्तर मिळत नाही.

विवेक : झालं काय नक्की?

बर्वे : जानेवारीत डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन एका डोळ्याचं, पण पट्ट्या दोन्हींवर. नऊ दिवस हॉस्पिटलात पालथा पडून होतो. पाचव्या दिवशी दुपारी वाटलं, खोलीत कोणीतरी आहे. हू इज इट, म्हणून विचारलं. उत्तर नाही. मग हाक आली, 'पुरू.' आई गेल्यापासून मला त्या नावानं कोणी हाक मारलेली नाही. सुमेधालाही ते नाव माहीत नाही. आणि मला दिसलं, साळवे. पट्ट्यांच्या आत दिसलं.

विवेक : काय?

बर्वे : शाळेचं कॅफेटेरिया. दाराजवळचं टेबल, चपलांचा ढीग. तिथे तो बसला होता. तुमचा डबा उघडून पोळी खात होता. एकटाच.

शरयू : तो म्हणजे?

बर्वे : नाव कोणी सांगितलं नाही. गरजही पडली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर सोपं गेलं असतं हो, मला वाद घालता येतो. त्यानं बाजूची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला, 'बस.' आणि मी आत, सगळ्यांच्या पंगतीत. मला उठता येईना. पायच उचलेनात. नर्स आली तेव्हा मी उशी भिजवून ठेवली होती. ती ओरडली मला, पट्ट्या ओल्या केल्या म्हणून.

शरयू : ओरडणारच. इन्फेक्शन होतं त्यानं.

बर्वे : तेव्हापासून मी उठायचा प्रयत्न करतोय, इतकंच. लॅबला राजीनामा दिला. हॉस्पिटलात जे एकेकटे पडलेले असतात, त्यांच्याजवळ जाऊन बसायचं ठरवलंय. पास्टर म्हणतात, त्याचंही शिक्षण असतं, अर्ज भरावा लागतो. बावन्नाव्या वर्षी अर्ज भरलाय.

विवेक : नोकरी सोडलीत? बर्वे, डोळ्यांची ही अवस्था, वहिनी घरात नाहीत...

बर्वे : मला भीती वाटत नाही असं नाही. रोज सकाळी वाटते. पण त्यानं खुर्ची पुढे केली आहे, आता नाही कसं म्हणू?

शरयू : माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा.

बर्वे : हिरवा परकर घातला होता तिनं. डबा नेताना ती माझ्या मागे मागे दारापर्यंत आली होती. तिला वाटलं, मी काहीतरी खास मांडामांड करतोय.

शरयू : हे मला माहीत नव्हतं.

बर्वे : मलाही आठवत नव्हतं. आता विसरता येत नाही.

शरयू : मग काय, क्षमा हवीय तुम्हाला?

बर्वे : मागितली तर तुम्हाला द्यावी लागेल. तुमचा तसा नियम आहे, मी वाचलंय. म्हणून मागत नाही. असल्या नियमात तुम्हाला अडकवायचं नाही मला.

विवेक : शरयू...

शरयू : तुम्ही थांबा हो जरा. मिस्टर बर्वे, तुमचा गाल ओला आहे.

बर्वे : रडत नाहीये मी. ड्रॉप्स आहेत. दुसऱ्या डोळ्याचं गेल्या आठवड्यात झालं. स्वतःच घालतो. निम्मे बाहेरच जातात बहुतेक.

शरयू : दिवसातून किती वेळा सांगितलेत?

बर्वे : चार.

शरयू : आणि आत किती वेळा गेले?

बर्वे : खरं सांगायचं तर एखाददोनदा.

शरयू : पडदा पुन्हा सुटला म्हणजे? कोणाच्या उशाशी बसणार मग तुम्ही? बाटली द्या इकडे. अहो, ती स्वच्छ कापसाची पिशवी घ्या तिथली. मी हात धुते. मान मागे टाका.

बर्वे : मिसेस साळवे, तुम्ही हे करायची आवश्यकता...

शरयू : बोलू नका, डोळा हलतो. मी साक्षीदार होईन असं अजून म्हटलेलं नाही.

बर्वे : नाही म्हटलेलं.

शरयू : माझ्या पोरीचं जे गेलं ते तुमच्या बाप्तिस्म्यानं परत येत नाही.

बर्वे : नाही येत.

शरयू : आणि मला अजून राग आहे. पट्टी काढतानाही आहे.

बर्वे : तुमचा हात मात्र हलका आहे.

शरयू : हाताला सवय आहे. रविवारी किती वाजता आहे ते?

विवेक : अकराला.

शरयू : मग दहाला येऊ आम्ही. ड्रॉप्स घातल्याशिवाय निघायचं नाही, आणि त्या पायरीवरून एकट्यानं उतरायचं नाही. ऐकताय ना?

बर्वे : ऐकतोय.

शरयू : आता डोळा मिटू नका. वर बघा, भाऊ.