कात्रीने कापलेली इंटरनेटची वायर

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरवाल्या बाई, आणि मघापासून चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेले सभ्य स्त्रीपुरुष हो, सगळ्यांना नमस्कार. मी चौथी नापास. भाषण लिहून आणलंय, तेव्हा मध्येच टाळ्या वाजवू नका, ओळ चुकते.

बाईंनी या वाचनालयात आम्हा घरगुती माणसांना कॉम्प्युटर सांभाळायला शिकवलं. म्हणायच्या, घराला कुलूप लावता ना, मग याला का नाही? पासवर्ड कोणाला सांगू नका. आम्ही नाहीच सांगितला. माझ्या धाकट्या जावेने तो कॉम्प्युटरवर घालायच्या कापडी झाकणावर लाल दोऱ्याने भरला, भोवती वेलबुट्टी काढली. आमचं घरी शिवणकाम, कपड्यावर खूण टाकल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. गिऱ्हाइकं वाचून म्हणायची, टाका सुबक आहे हो. बाईंनी पाहिलं आणि भिंत धरून हसल्या. मग अशा रागावल्या की जावेने बसल्या जागी सगळं उसवलं.

आता मुद्द्याचं. सासूबाईंनी जन्मभर बेतलेले कपड्यांचे पॅटर्न आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. कागदांना कसर लागली, सासूबाईंची नजर गेली, तेव्हा बाईंनीच फोटो काढून आत ठेवायला लावले. ते गेले तर पुन्हा कोण बेतणार?

आणि एका सकाळी फोन आला. कोणी गोडबोल्या. म्हणे तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, मी इथूनच काढतो, फक्त मला आत घ्या. जाऊ बिचारी, दारी आलेल्याला नाही म्हणायचा तिचा स्वभावच नाही. तो सांगेल ती बटणं दाबत गेली. मी मान वर करून बघते तर माऊस टेबलावर गप्प, आणि पडद्यावरचा बाण आपला आपण सासूबाईंच्या पॅटर्नवर फिरतोय. विचार करायला वेळ कोणाला होता? हातात कात्री होती. इंटरनेटची वायर कचकन कापली. विजेची नव्हे हो, तेवढी अक्कल आहे मला.

निरोप मिळताच बाई धावत आल्या. वायरचं टोक बघून म्हणाल्या, "अहो, नुसती ओढली असती तरी निघाली असती."

मी म्हटलं, "शिंप्याच्या घरात ओढत नाहीत बाई, कापतात."

मग, त्या मेल्याने आत काही पेरून ठेवलं असेल म्हणून, त्यांनी कॉम्प्युटर पुसून कोरा केला. आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांनीच करून ठेवायला लावलेली दुसरी प्रत पेनड्राइव्हमध्ये होती, आणि पेनड्राइव्ह बटणांच्या डब्यात. सगळं जसंच्या तसं परत आलं. सासूबाईंनी एकेका पॅटर्नचं नाव विचारून खात्री केली, तेव्हा कुठे जेवल्या.

बाई गेल्यावर आमचं कसं होणार, असा घोर जावेने लावून घेतला होता. मी नाही. कारण गेल्या आठवड्यात तोच फोन पुन्हा आला, आणि या खेपेला उचलला सासूबाईंनी.

म्हणाल्या, "आत यायचंय? ये की बाळा. पण मापाशिवाय आम्ही कोणाला घेत नाही. छाती सांग."

आणि त्या खुळ्याने सांगितली. सासूबाईंनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळल्या.

"बत्तीस. एवढ्याशा छातीवर लोकांची घरं फोडतोय मेला."

तेव्हा बाई, तुम्ही खुशाल जा. वाचनालयाने जागा दिली, अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. अध्यक्षांची पदवी वाचायची राहिली, ती मला उच्चारता येत नाही, तेही घाला.